यंत्र सापडलं नाही

भाच्याने नागपूरहून आणलेला जुना गेमचा डबा
सपरीत टीव्हीखाली ठेवला, धानाच्या ढोलीला टेकवून.
कॉम्प्युटर आतल्या खोलीत.
मधे मातीची भिंत, दीड हात जाड.
टीव्हीवर निळी पाटी, तिच्यावर एकच ओळ:
यंत्र सापडलं नाही.

सापडत नाही कसं?
याच यंत्रावर मी अख्ख्या गावाचे सातबारे काढतो.
आठ पावलांवर आहे, मोजली मी.

दोघांना एकच वायफाय दिलं.
शेअरिंगपुढे खूण केली, काढली, पुन्हा केली.
राउटर ढोलीवरून खिडकीत, खिडकीतून
कपडे वाळवायच्या दांडीवर.
डबा बंद करून चालू केला, जसं सगळेच करतात,
जसं जावई रुसला की पुन्हा पाटावर बसवतात.

आणि बाबा, बाजेवरून, दर दहा मिनिटांनी:
"होते का नाई बा?"

रात्री सुचलं, फायरवॉल.
कॉम्प्युटरच्या दारातला राखणदार
घरच्याच माणसाला गाव विचारत बसला होता.
येऊ दे म्हटलं. आपलाच आहे.

मग पाटी गेली. फोल्डर दिसलं:
मंडईचं नाटक, दोन हजार नऊ.
दाबलं.
हा प्रकार चालत नाही, डबा म्हणाला.
चालतो त्या प्रकारात फाइल बदलायला लावली.
बासष्ट टक्क्यांवर लाइन गेली.
लाइन आली तेव्हा बासष्ट कुठेच नव्हते.

दुसऱ्या रात्री चित्र आलं.
शामियाना, लोकांना बसायला खणलेला तो उतार,
शाली, मफलर, झोपलेली पोरं,
आणि रंगमंचावर थानेदार, तोंड उघडून, बोट रोखून,
मुका.
आवाज वाढवला. शंभरवर नेला.
मुकाच.

बाबा तीस वर्षं प्रॉम्प्टर होते.
विंगेत एका स्टुलावर, मांडीवर वही, दातांत बॅटरी.
पत्रकावर त्यांचं नाव कधी छापलं नाही,
कुणी त्यांच्यासोबत फोटो काढला नाही.
ते उठून बसले.
थानेदाराच्या ओठांकडे बघत म्हणाले,
"थांब दिनकर! या दाराच्या आत
आता तुझं कोणी उरलं नाही."
मग बाईच्या आवाजात तिचं रडणं.
मग दिनकरचं हसणं, खोकत खोकत.
दह्याचं विरजण मागायला आलेली शेजारची देवांगनाबाई
वाटी घेऊन दारातच उभी राहिली.
दोन अंक झाले. वही नव्हती.
एकदाच चुकले. थानेदार वळला आणि यांचं वाक्य मागे राहिलं,
तेव्हा बाबाच त्याला ओरडले,
"थांब नं, घाई कायची!"

आवाजाचा प्रकार वेगळा असतो, चित्राचा वेगळा,
हे मला तिसऱ्या रात्री कळलं.
तेवढाच बदलला. अकरा मिनिटांत झालं.

आवाज आला.
पण प्रत्येक वाक्य दोनदा.
आधी कुजबूज, घाईची, कोरडी, कसलाच भाव नसलेली:
थांब दिनकर या दाराच्या आत.
मग थानेदाराची गर्जना.
कॅमेरा विंगेला लागून ठेवला होता त्या साली.

बाबा ऐकत राहिले.
थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर.
मधी मधी कोन बोलते तो?
सारं नाटक नासवलं."
कुणी काही बोललं नाही. देवांगनाबाई वाटीत बघत होती.
मग तेच, हळू: "एवढं मोठ्यानं बोलत होतो का मी?"

असली खरखर काढून टाकायचं सॉफ्टवेअर मिळते,
असं त्यांना भाच्याने फोनवर सांगितलं.
तेव्हापासून रोज चहाला विचारतात.
आजही विचारलं, सापडलं का?

नाई जी, म्हटलं.
शोधून रायलो. नाई सापडलं.